फ्रीजच्या पाठीवरचा क्रमांक काय सांगतो?

यवतमाळ जिल्ह्यातील उन्हाळ्याचे वर्णन तुम्हाला नव्याने सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसला टेकतो. पुसद असो, वणी असो की पांढरकवडा, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. अशा दिवसांत दवाखान्यातील लसी, दुकानातील दूध, घरातील भाजी आणि बर्फाच्या कारखान्यातील लाद्या थंड ठेवणारी यंत्रे अहोरात्र राबत असतात. ही यंत्रे लहान-मोठी असली तरी त्यांचे तत्त्व बहुतेक एकच असते. त्यांच्या नळ्यांतून एक पदार्थ सतत फिरत असतो. दुरुस्ती करणारा मेकॅनिक त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो. शास्त्रीय भाषेत त्याला प्रशीतक असे नाव आहे.

घरच्या फ्रीजची मागची बाजू किंवा आतली भिंत नीट पाहा. तेथे एक छोटी पट्टी चिकटवलेली आढळेल. तिच्यावर ‘आर-६००ए’ किंवा ‘आर-१३४ए’ असा काहीतरी क्रमांक आणि त्यापुढे ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. बहुतेक लोक या क्रमांकाकडे लक्षही देत नाहीत. पण त्यात प्रशीतकाच्या रेणूची रचना दडलेली असते, आणि रेणूची रचना कळली की तो पदार्थ पेट घेईल का, विषारी आहे का, हवेत सुटला तर काय करील, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. या पाठात आपण तो क्रमांक वाचायला शिकू.

थंडावा येतो कोठून?

थंडी नावाची वस्तू कोणी तयार करीत नाही. एखादी वस्तू थंड करायची म्हणजे तिच्यातील उष्णता काढून दुसरीकडे नेऊन टाकायची. हे काम सर्वांत सोप्या रीतीने करतो तो आपला रांजण. रांजणाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता रांजणातील पाण्यातूनच घेतली जाते. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. ३० अंशांच्या आसपास १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलरमध्ये वाळ्याच्या किंवा लाकडी किसाच्या ताट्यांवर पाणी सोडतात, तेथेही हेच घडते.

रांजणात आणि कूलरमध्ये झालेली वाफ हवेत निघून जाते. फ्रीजमध्ये मात्र तोच पदार्थ पुन्हापुन्हा वापरायचा असतो, म्हणून त्याला बंद नळ्यांत कोंडलेले असते. त्याचा प्रवास चार टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात द्रवरूप प्रशीतक कमी दाबाखाली फ्रीजच्या आतल्या नळ्यांत येते व तेथे उकळून वायू बनते. उकळताना ते आतली उष्णता शोषून घेते. दुसऱ्या टप्प्यात कॉम्प्रेसर हा वायू ओढून दाबतो. दाबल्यामुळे तो चांगलाच तापतो. तिसऱ्या टप्प्यात हा तापलेला वायू बाहेरच्या नळ्यांतून फिरतो, आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि पुन्हा द्रव बनतो. फ्रीजच्या मागची किंवा बाजूची भिंत हाताला गरम लागते, ती यामुळेच. चौथ्या टप्प्यात हा द्रव केसासारख्या बारीक नळीतून जातो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

प्रशीतक कसे असावे?

आता प्रश्न असा की, या कामासाठी पाणीच का वापरीत नाहीत? पाणी स्वस्त आहे, बिनविषारी आहे आणि त्याची अप्रकट उष्णताही भरपूर आहे. अडचण उत्कलनबिंदूची आहे. पाणी ५ अंशांना उकळावे असे वाटत असेल, तर त्यावरील दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी करावा लागेल. शिवाय शून्य अंशाला त्याचा बर्फ होऊन नळ्या तुंबतील. म्हणून घरगुती फ्रीजमध्ये पाणी चालत नाही.

तेव्हा प्रशीतकाचा उत्कलनबिंदू शून्याच्या बराच खाली हवा. त्याच वेळी बाहेरच्या हवेने ते द्रवरूप होऊ शकले पाहिजे. ही दुसरी अट यवतमाळसारख्या ठिकाणी फार महत्त्वाची आहे. कार्बन डायऑक्साइडचे उदाहरण घ्या. हा वायू जळत नाही, स्वस्तही आहे आणि बर्फाच्या यंत्रांत तो पूर्वीपासून वापरला गेला आहे. पण त्याचा क्रांतिक तापमानबिंदू ३१ अंश आहे. याचा अर्थ असा की, ३१ अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. युरोपातील थंड हवेत त्याला द्रव करणे सोपे. आपल्याकडे मे महिन्यातील ४५ अंशांच्या हवेने त्याला द्रव करणे अशक्यच. अशा हवेत तो वापरायचा तर अतिशय मोठ्या दाबाची वेगळी यंत्रे लागतात.

याशिवाय प्रशीतकाने नळ्यांचा धातू खाऊ नये, कॉम्प्रेसरमधील तेल बिघडवू नये, गळल्यास माणसाला विषबाधा करू नये आणि पेट घेऊ नये, अशाही अपेक्षा असतात. हे सगळे गुण एकाच पदार्थात सापडणे किती कठीण, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

पहिली पिढी: कामाची पण धोक्याची

जेकब पर्किन्स याने १८३४ साली लंडन येथे बाष्पसंपीडनाने बर्फ करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात ईथर वापरायचे होते. ईथर ठिणगीसरशी पेटते. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल लिंडे याने अमोनियावर चालणारे यंत्र यशस्वी केले. त्यानंतर सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हेही वापरात आले. घरगुती फ्रीज निघाल्यावर हे पदार्थ स्वयंपाकघरात जाऊन पोचले आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत गळतीमुळे माणसे दगावू लागली. मेथिल क्लोराइडला तर फारसा वासही नसतो, त्यामुळे झोपेतल्या माणसाला काही कळतच नसे.

यांपैकी अमोनिया आजही टिकून आहे. बर्फाचे मोठे कारखाने व शीतगृहे यांत तो सर्रास वापरतात. त्याची अप्रकट उष्णता १ किलोग्रॅमला सुमारे १,३७० किलोज्यूल, म्हणजे इतर बहुतेक प्रशीतकांच्या कितीतरी पट आहे. तो तांब्यावर परिणाम करतो म्हणून त्याच्या नळ्या लोखंडाच्या किंवा पोलादाच्या असतात. त्याचा तिखट वास नाकात शिरताच माणूस सावध होतो, हा त्याचा एक गुणच म्हणायचा. तो पाण्यात फार विरघळतो, म्हणून बर्फाच्या कारखान्याजवळ तसा उग्र वास आल्यास नाका-तोंडावर ओले कापड धरून, वारा ज्या दिशेला वाहत असेल ती दिशा टाळून दूर जावे.

मिज्ली यांनी शोधलेला ‘निर्धोक’ वायू

१९२८ साली अमेरिकेतील टॉमस मिज्ली व त्यांचे सहकारी यांनी न पेटणारे व बिनविषारी प्रशीतक शोधायचे ठरवले. त्यांनी आवर्तसारणी पुढे घेतली. वायुरूप संयुगे देणारी मूलद्रव्ये सारणीच्या उजव्या बाजूला आहेत, हे त्यांनी पाहिले. उजवीकडे जावे तसे जळण्याची प्रवृत्ती कमी होते आणि वरच्या हलक्या मूलद्रव्यांकडे जावे तसा विषारीपणा कमी होतो, असेही त्यांच्या लक्षात आले. या दोन्ही वाटा फ्लोरीनपाशी येऊन मिळत होत्या. फ्लोरीन वायू स्वतः महाविषारी. पण कार्बनशी जोडला गेला की त्यांचा बंध इतका पक्का होतो की तो सहसा तुटत नाही.

या विचारातून जो रेणू पुढे आला, त्यात मध्ये एक कार्बन, त्याला दोन क्लोरीन व दोन फ्लोरीन जोडलेले होते. १९३० साली मिज्ली यांनी एका सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर सोडला. ज्योत विझली, मिज्ली सुखरूप राहिले. वायू विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एकाच प्रयोगात सर्वांना दिसले. ‘फ्रिऑन’ या व्यापारी नावाने तो जगभर पसरला. क्लोरीन, फ्लोरीन व कार्बन यांची अशी संयुगे म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन, थोडक्यात सीएफसी.

क्रमांकाचे गणित

अशी अनेक संयुगे निघाल्यावर त्यांची लांबलचक नावे टाळण्यासाठी क्रमांकांची एक युक्ती काढण्यात आली. ती अगदी सोपी आहे. क्रमांकात ९० मिळवा. जी तीन अंकी संख्या येईल, तिचा पहिला अंक कार्बनचे अणू, दुसरा हायड्रोजनचे आणि तिसरा फ्लोरीनचे अणू सांगतो. उरलेल्या जागा क्लोरीनच्या. कार्बनची संयुजा ४ असते. त्यामुळे एका कार्बनला एकूण ४ जागा, दोन कार्बनच्या साखळीला ६ आणि तीन कार्बनच्या साखळीला ८ जागा मिळतात.

मिज्ली यांच्या वायूचा क्रमांक आर-१२. १२ अधिक ९० बरोबर १०२. म्हणजे कार्बन १, हायड्रोजन ०, फ्लोरीन २. एकूण जागा ४, त्यांतील २ भरल्या; राहिलेल्या २ जागी क्लोरीन.

अनेक वर्षे एसीमध्ये वापरलेला आर-२२ घ्या. २२ अधिक ९० बरोबर ११२. कार्बन १, हायड्रोजन १, फ्लोरीन २ आणि उरलेल्या एका जागी क्लोरीन.

आर-१३४ए पाहू. १३४ अधिक ९० बरोबर २२४. कार्बन २, हायड्रोजन २, फ्लोरीन ४. सहाही जागा भरल्या, म्हणजे क्लोरीन नाही. शेवटच्या ‘ए’ या अक्षराचा अर्थ असा की, तेवढेच अणू वेगळ्या मांडणीने जोडले आहेत. येथे एका कार्बनवर तीन फ्लोरीन आहेत आणि दुसऱ्यावर एक फ्लोरीन व दोन हायड्रोजन.

आर-२९० चे उत्तर येते ३८०. कार्बन ३, हायड्रोजन ८, फ्लोरीन नाही आणि क्लोरीनही नाही. हा तर प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधील एक घटक!

काही क्रमांक या नियमात बसत नाहीत. ४०० व ५०० च्या घरातील क्रमांक मिश्रणांचे असतात. उदाहरणार्थ, आर-४१०ए म्हणजे आर-३२ व आर-१२५ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण. ६०० च्या घरात ब्युटेनसारखी इतर कार्बनी संयुगे येतात. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, चार कार्बन व दहा हायड्रोजन. ७०० च्या घरात अकार्बनी पदार्थ असतात आणि तेथे ७०० मध्ये रेणुभार मिळवलेला असतो. अमोनियाचा रेणुभार १७, म्हणून तो आर-७१७. कार्बन डायऑक्साइडचा ४४, म्हणून तो आर-७४४. आणि पाण्याचा १८. तेव्हा तुमच्या रांजणातील व कूलरमधील पाण्यालाही या यादीत मानाचे स्थान आहे: आर-७१८!

क्लोरीनचा प्रताप

सीएफसी इतके स्थिर की हवेत सुटल्यावर ते कशाशीच संयोग पावत नाहीत. पावसाने धुऊन निघत नाहीत, जमिनीवर कुजत नाहीत. आर-१२ चा रेणू वातावरणात सुमारे १०० वर्षे टिकतो. १९७४ साली कॅलिफोर्नियातील मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी प्रश्न विचारला: हे सारे रेणू शेवटी जातात कोठे? उत्तर असे की, ते हळूहळू वर चढत स्थितांबरात पोचतात. तेथील तीव्र अतिनील किरणांपुढे मात्र त्यांचा टिकाव लागत नाही आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो.

हा क्लोरीन ओझोनच्या रेणूतील एक ऑक्सिजन अणू हिसकावून घेतो. ओझोनचा साधा ऑक्सिजन होतो. मग क्लोरीनने पकडलेला ऑक्सिजन दुसरा एखादा सुटा ऑक्सिजन अणू घेऊन जातो आणि क्लोरीन पुन्हा मोकळा होतो. तो पुढच्या ओझोनवर तुटून पडतो. असे करीत क्लोरीनचा एक अणू लाखभर ओझोन रेणूंचा नाश करू शकतो. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाल्यास त्वचेचे कर्करोग व मोतीबिंदू वाढतात, पिकांनाही अपाय होतो.

१९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत फार घटत असल्याचे प्रसिद्ध केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा भाग वगळता, आपल्या देशात सीएफसीचे उत्पादन थांबले. मोलिना, रोलंड आणि त्यांच्याबरोबर पाउल क्रुट्झेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ओझोनचा थर सावरू लागला आहे. जगातील सर्व देशांनी मान्य केलेला हा करार पर्यावरणाच्या क्षेत्रातील मोठे यश मानला जातो.

फ्लोरीनचे वेगळे दुखणे

क्लोरीन नको म्हणून आर-१३४ए सारखी संयुगे आली. त्यांच्यामुळे ओझोनला धोका उरला नाही. पण कार्बन व फ्लोरीन यांच्या बंधाला एक खोड आहे. पृथ्वीवरून अवकाशात परत जाणारी उष्णता तो शोषून घेतो. अशा वायूचा थोडासा अंशही पृथ्वीभोवती जाड पांघरुणासारखा काम करतो.

सीएफसीचा हा दोष १९७५ साली वीरभद्रन रामनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिला. गंमत म्हणजे त्याआधी त्यांनी सिकंदराबादेत फ्रीजच्या कारखान्यात नोकरी केली होती आणि फ्रीजमधून प्रशीतक का गळते हे शोधणे हेच त्यांचे काम होते. पांढरकवड्यावरून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग याच शहराकडे जातो. गळणाऱ्या वायूशी तेथे झालेली ओळख त्यांना पुढे अमेरिकेत उपयोगी पडली.

एखादा वायू शंभर वर्षांच्या काळात त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता अडकवतो, या आकड्याला आपण तापवृद्धी क्षमता म्हणू. खालील कोष्टक पाहा. आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

| प्रशीतक | घटक अणू | उत्कलनबिंदू (अंश से.) | ओझोनला धोका | तापवृद्धी क्षमता | पेट घेते का? |
|---|---|---|---|---|---|
| आर-१२ | कार्बन, क्लोरीन, फ्लोरीन | उणे ३० | फार | १०,९०० | नाही |
| आर-२२ | कार्बन, हायड्रोजन, क्लोरीन, फ्लोरीन | उणे ४१ | थोडा | १,८०० | नाही |
| आर-१३४ए | कार्बन, हायड्रोजन, फ्लोरीन | उणे २६ | नाही | १,४०० | नाही |
| आर-३२ | कार्बन, हायड्रोजन, फ्लोरीन | उणे ५२ | नाही | ६७५ | मंद |
| आर-२९० | कार्बन, हायड्रोजन | उणे ४२ | नाही | ३ | होय |
| आर-६००ए | कार्बन, हायड्रोजन | उणे १२ | नाही | ३ | होय |
| आर-७१७ | नायट्रोजन, हायड्रोजन | उणे ३३ | नाही | ० | मंद. शिवाय विषारी |

कोष्टक वरून खाली वाचा. रेणूत हायड्रोजन वाढत गेला की तापवृद्धी क्षमता घटते, पण पेट घेण्याची प्रवृत्ती वाढते. हा योगायोग नाही. हायड्रोजन असलेला रेणू वातावरणातील हायड्रॉक्सिल गटाच्या तावडीत सहज सापडतो आणि लवकर मोडतो. आर-१२ ला शंभर वर्षे लागतात, तर आयसोब्युटेन काही दिवसांतच नाहीसा होतो. जो बंध हवेत लवकर तुटतो, तोच ज्योतीतही लवकर तुटतो. म्हणजे, मिज्ली यांच्या रेणूला घरात निर्धोक करणारा चिवटपणाच आकाशात घातक ठरला. दोन्हीकडे संपूर्ण निर्धोक असे प्रशीतक अजून मिळालेले नाही. माणसाला निवड करावी लागते आणि निवडलेल्या पदार्थाच्या दोषाला आवर घालावा लागतो.

२०१६ साली किगाली येथे फ्लोरीनयुक्त प्रशीतकेही कमी करीत जाण्याचे ठरले. भारताने २०२१ साली त्यास मान्यता दिली. आपल्या देशात ही कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

हायड्रोकार्बन परत आले

आज नव्या घरगुती फ्रीजच्या पट्टीवर बहुधा आर-६००ए लिहिलेले असते. एसीमध्येही प्रोपेन वापरता येते. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ साली तसे एसी बाजारात आणले. मग ज्वालाग्राही वायू घरात आणणे सुरक्षित आहे काय? चला, हिशेब करू.

फ्रीजमध्ये सुमारे ५० ग्रॅम आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो, म्हणजे फ्रीजच्या जवळजवळ २८४ पट. आयसोब्युटेनचा रेणुभार ५८. एक ग्रॅम-रेणू वायू खोलीच्या तापमानाला सुमारे २५ लिटर जागा व्यापतो. म्हणून ५० ग्रॅमचे आकारमान झाले साधारण २१ लिटर. १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीत २८,००० लिटर हवा मावते. सारा वायू गळून खोलीभर पसरला तर त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांहून कमी भरेल. हवेत निदान १.८ टक्के आयसोब्युटेन असल्याखेरीज ते मिश्रण पेटत नाही. तेव्हा मोकळ्या खोलीत धोका नगण्य.

पण हाच वायू २०० लिटरच्या बंद फ्रीजमध्ये साठला तर? २०० चे १.८ टक्के म्हणजे ३.६ लिटर. तेवढ्यासाठी जेमतेम ८-९ ग्रॅम पुरतात. म्हणूनच या फ्रीजमध्ये ठिणगी उडू शकेल अशी बटणे आतल्या पोकळीत उघडी ठेवीत नाहीत. जुन्या फ्रीजमध्ये ही काळजी घेतलेली नसते. जुन्या आर-१३४ए च्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन किंवा चक्क स्वयंपाकाचा गॅस भरून घेणे धोक्याचे का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. उलट, आर-६००ए च्या फ्रीजमध्ये आर-१३४ए भरणेही चूक. दोघांचे दाब वेगळे, कॉम्प्रेसर वेगळा आणि त्यातले तेलही वेगळे.

दुरुस्तीच्या वेळी लक्षात ठेवा

उन्हाळा आला की गावोगावी ‘गॅस संपला, भरून घ्या’ असे ऐकू येते. वास्तविक प्रशीतक पेट्रोलसारखे खर्च होत नाही. तेच चक्रात फिरत राहते. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ. गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

जुना गॅस हवेत सोडून देण्याची सवयही महागात पडते. १२० ग्रॅम आर-१३४ए हवेत सोडला तर त्याचा परिणाम सुमारे १७० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे ७४ लिटर पेट्रोल झाले. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल तेवढ्या पेट्रोलवर यवतमाळहून नागपूरला बारा वेळा जाऊन येईल! एसीतील एक किलोग्रॅम आर-२२ सोडला तर हा आकडा १,८०० किलोग्रॅमवर जातो. म्हणून असा वायू खास यंत्राने सिलिंडरमध्ये परत भरून घ्यायचा असतो.

आणि आर-६००ए चा फ्रीज उघडताना? दारे-खिडक्या उघडाव्यात, जवळची शेगडी व देवापुढचा दिवा विझवावा आणि नळ्यांतील वायू पूर्ण निघून गेल्याची खात्री झाल्याखेरीज झाळकामाची ज्योत पेटवू नये. या वायूच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत रेंगाळतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. फ्रीज चालतो विजेवर आणि महाराष्ट्रातील बरीच वीज कोळशापासून मिळते. तो कोळसा आपल्याच वणी तालुक्यातील खाणींतूनही निघतो. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला तर बाहेरच्या नळ्यांची उष्णता निघून जात नाही, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि वीज वाया जाते. त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवणे हे प्रत्येकाला करता येण्याजोगे काम आहे.

करून पाहा

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती कापूस गुंडाळून तो पाण्याने भिजवा. दोन्ही सावलीत टांगून वहीने वारा घाला. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी दोघांत १५ ते २० अंशांचा फरक पडू शकतो. जुलैतील पावसाळी दिवशी हाच प्रयोग पुन्हा करा. फरक अवघ्या दोन-तीन अंशांवर येईल. पावसाळ्यात कूलर का थंडावा देत नाही, याचे कारण त्यावरून शोधा.

२. वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका फ्रीजच्या पट्टीवरील क्रमांक व वजन लिहून आणावे. यंत्र उघडू नये. मागची बाजू पाहायची असल्यास मोठ्या माणसांना सांगून आधी वीजपुरवठा बंद करावा. मग सर्वांचे मिळून कोष्टक करावे: कोणते प्रशीतक किती घरांत आहे आणि ते सारे हवेत सुटले तर किती कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होईल?

स्वाध्याय

१. आर-११, आर-३२ व आर-१२५ यांच्या रेणूंत कोणते अणू किती आहेत? यांपैकी कोणता ओझोनला घातक?
२. पाठात आलेल्या मेथिल क्लोराइडचा क्रमांक आर-४० आहे. त्याची रचना क्रमांकावरून काढा.
३. सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ आहे. त्याचा प्रशीतक क्रमांक कोणता?
४. आर-६००ए चा उत्कलनबिंदू उणे १२ अंश आहे. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातील नळ्यांत तो उणे २५ अंशांना उकळतो. तेथील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त असेल की कमी? तेथे भोक पडल्यास यंत्र चालू असताना काय होईल?

उत्तरे: (१) आर-११: कार्बन १, फ्लोरीन १, क्लोरीन ३, आर-३२: कार्बन १, हायड्रोजन २, फ्लोरीन २, आर-१२५: कार्बन २, हायड्रोजन १, फ्लोरीन ५. क्लोरीन असल्याने आर-११ घातक. (२) कार्बन १, हायड्रोजन ३, क्लोरीन १. (३) आर-७६४. (४) कमी. वायू बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा व बाष्प आत ओढले जाईल.